चिखलदऱ्याची दरी: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा आणि कपाशी-तुरीची शेतं लागतात, आणि समोर आभाळाच्या कडेला एक निळी भिंत उभी राहते. वऱ्हाडाची सपाट काळी जमीन तिथे एकाएकी संपते. ती भिंत म्हणजे सातपुड्यातला गाविलगडचा डोंगर. त्याच्या माथ्यावर चिखलदरा, पोटात मेळघाट आणि अंगावर पावसाने कोरलेल्या दऱ्या.

माझं घर परतवाड्याच्या बाजूचं. दर वर्षी कोणी ना कोणी पाहुणा फोन करून विचारतो, "एका दिवसात चिखलदरा होईल का?" मी सांगतो, पॉइंट होतील, दरी होणार नाही. कठड्याला टेकून खाली बघणं हा दरीचा एक भाग झाला. तिच्या नाकावर बांधलेला किल्ला आणि तिच्या तळाशी नदीकाठी राहणारी माणसं हे बाकीचे दोन. तीन दिवस काढा. नाहीच जमलं तर दोन काढा, पण त्यातला एक खाली उतरण्यासाठी ठेवा.

आधी महिना ठरवा

जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भरात असतात, पण धुकंही असतं. एका ऑगस्टमध्ये मी पाहुण्यांना घेऊन पंचबोल पॉइंटवर गेलो होतो. समोर नुसता पांढरा पडदा. अर्धा तास थांबून आम्ही वैतागून गाडीत बसायला लागलो, तर चहावाला म्हणाला, "थांबा ना भाऊ, धुकं उठू द्या, मंग दिसन." दहा मिनिटांत पडदा वर गेला आणि पलीकडच्या कड्यावरून पडणाऱ्या पाण्याच्या धारा दिसल्या. तेव्हापासून पावसाळ्यात येणाऱ्याला मी एकच सांगतो: पॉइंट कमी करा, प्रत्येक ठिकाणी तासभर थांबा. शनिवार-रविवार मात्र टाळा. घाटात गाड्यांच्या रांगा लागतात.

मला विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने ऑक्टोबर-नोव्हेंबर धरावा. पाणी अजून वाहतं, हवा स्वच्छ असते, गवत सोनेरी व्हायला लागतं आणि रस्त्याच्या कडेला टोपल्यांतून सीताफळं विकायला येतात. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडाक्याची पडते. चांगलं स्वेटर, कानटोपी आणा, विदर्भ म्हणजे ऊन हा समज घरी ठेवून या. मोथा गावाच्या आसपास तेव्हा स्ट्रॉबेरी निघते. मार्चमध्ये पळस फुलतो आणि होळी येते. ती या भागातली सगळ्यात मोठी गोष्ट, तिच्याबद्दल पुढे लिहितो. एप्रिल-मेमध्ये खाली होरपळतं, पण माथ्यावरच्या संध्याकाळी गार असतात आणि जंगलात मोहफुलांचा वास भरलेला असतो.

परतवाड्यात करायची कामं

रेल्वेने येत असाल तर बडनेरा किंवा अमरावतीला उतरा. तिथून एसटीने किंवा गाडीने परतवाडा, साधारण पन्नास किलोमीटर. परतवाडा हे डोंगराचं दार. पेट्रोल इथेच टाकी भरून घ्या, रोख पैसे इथेच काढा, औषधं आणि डासांचं मलम इथेच घ्या. वर चिखलदऱ्यात सोय आहे, पण दरीत उतरल्यावर मोबाईलला रेंज मिळेल आणि ऑनलाइन पैसे जातील यावर विसंबू नका. मुक्कामाचा पत्ता आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

घाटाचे दोन रस्ते आहेत. एक धामणगाव गढीवरून मोथ्याकडे चढतो, दुसरा घटांगवरून. मी जाताना पहिला आणि येताना दुसरा घेतो, कारण धामणगावकडून चढताना मागे वळून पाहिलं की अख्खं वऱ्हाड सतरंजीसारखं पसरलेलं दिसतं. कोणत्याही रस्त्याने जा, पण उजेड असताना घाट चढा. वळणं तीव्र आहेत आणि अंधार पडला की जनावरं रस्त्यावर येतात.

घाट चढण्याआधी हाताशी दोन तास असतील तर शेजारच्या अचलपुरात जाऊन या. जुनं एलिचपूर ते हेच, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. तिथला हौज कटोरा, म्हणजे तलावाच्या मधोमध उभी असलेली अष्टकोनी मजली इमारत, पाहून घ्या. उद्या जो किल्ला पाहणार आहात तोही याच इमादशाहांच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे दोन्ही जागा मनात जोडल्या जातात.

पहिला दिवस: माथ्यावरून

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,118 मीटर उंचीवर आहे. गावाच्या नावाची कथा महाभारतातली. विराटाच्या दरबारी द्रौपदीला छळणाऱ्या कीचकाला भीमाने मारलं आणि इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा झाला. हात धुतले ते भीमकुंड. इथल्या सर्वांत उंच टोकाला वैराट म्हणतात आणि लोक ते विराट राजाच्या नावाशी जोडतात. 1823 मध्ये हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन इथे आला आणि चिखलदऱ्याचं थंड हवेचं ठिकाण झालं, असं पुस्तकांत असतं. गवळी आणि कोरकू त्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहतच होते.

सकाळी पहिल्यांदा भीमकुंडाकडे जा. उन्हं तिरपी असताना कड्याचे थर नीट दिसतात. काळ्या दगडाच्या आडव्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या दिसतील. हा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा. कठीण थर टिकला, मऊ थर झिजला, आणि त्यातून पायऱ्या पडल्या. धबधबा पायरीपायरीने का उतरतो ते इथे डोळ्यांनी कळतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना थर मोजायला लावा.

कड्याच्या काठावर शेवाळ असतं आणि दगड सुटे असतात. फोटोसाठी कठड्यापलीकडे पाऊल टाकू नका. पावसाळ्यात तर कुंडाच्या दिशेने खाली उतरायचंच नाही, वर पाऊस झाला की पाणी क्षणात वाढतं.

देवी पॉइंटला कड्याच्या पोटात देवीचं ठाणं आहे आणि छताच्या दगडातून पाणी ठिबकत असतं. चंद्रभागा नदी याच परिसरात उगम पावते. इथे थोडा वेळ बसून पाण्याचा हिशोब समजून घ्या, म्हणजे पुढचे दोन दिवस सोपे जातात. डोंगराच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस चंद्रभागा, शहानूर, सापन अशा नद्यांनी मैदानात उतरतो आणि पूर्णेला मिळतो. उत्तरेकडे पडलेला पाऊस खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्यांनी मेळघाटातून तापीला जातो. आणि पूर्णा? तीही शेवटी चांगदेवला तापीतच मिळते. एकाच माथ्यावर पडलेले दोन थेंब पाठ फिरवून निघतात आणि जळगाव जिल्ह्यात पुन्हा भेटतात. मला ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली नाही, पण आता दर वेळी देवी पॉइंटला ती आठवते.

दुपारी गावात फिरा. इथली कॉफी प्या. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथेच, इंग्रजांच्या काळात लावलेली. खवा आणि रबडी गवळ्यांकडची घ्या, गवताळ माथ्यावर चरणाऱ्या म्हशींच्या दुधाची. संध्याकाळी पंचबोलला जा. तिथे हाक मारली की ती दऱ्यांतून पाच वेळा परत येते म्हणतात. एकदा हाक मारा आणि मग गप्प बसा. शेजारी कुणी मोठ्या आवाजात गाणी लावली असतील तर नम्रपणे बंद करायला सांगा. मी सांगतो, आणि लोक ऐकतात.

दुसरा दिवस: गाविलगड

किल्ला चिखलदऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर आहे. अर्धा दिवस पूर्ण द्या, पाणी आणि टोपी बरोबर घ्या. आत सावली कमी आहे आणि खाण्यापिण्याचं काही मिळत नाही. गवत वाढलेलं असेल तर पायात बूट हवेतच, आणि एकट्याने आत खोलवर जाऊ नका. हा भाग जंगलाला लागून आहे, अस्वलांचा वावर असतो.

नावात गवळी आहेत. त्यांची मातीची गढी आधी इथे होती असं मानतात. दगडी किल्ला बहमनी सुलतान अहमदशहा वलीने 1425-26 च्या सुमारास बांधला. पुढे 1488 मध्ये फत्तेउल्ला इमादुल्मुल्कने त्याची मोठी डागडुजी केली. दिल्ली दरवाज्यावर पोचलात की थांबा आणि वरचं कोरीवकाम बघा. सिंह आहेत, आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी आहे. वऱ्हाडातल्या मुसलमानी किल्ल्यावर कर्नाटकातल्या राजघराण्यांचं चिन्ह कसं आलं? फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडचा, कानडी ब्राह्मणाच्या घरातला. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, आणि वाढत वाढत वऱ्हाडचा धनी झाला. अभ्यासक गंडभेरुंडाचा धागा तिथे जोडतात. दगडात अडकलेली ही एका माणसाची आठवण मला सगळ्या किल्ल्यात सर्वांत मोलाची वाटते. दुपारच्या उन्हात ती सपाट दिसते, म्हणून दरवाज्याशी सकाळीच पोचा.

आत मशिदीचे अवशेष, तलाव, बुरूज आणि जुन्या तोफा आहेत. तटावरून दक्षिणेकडे बघा: सरळ तुटलेला कडा आणि खाली मैदान. उत्तरेला मात्र किल्ला एका अरुंद सोंडेने चिखलदऱ्याच्या पठाराला जोडलेला आहे, म्हणजे तुम्ही आलात ती वाट. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी हेच हेरलं. आडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाल्यावर उरलेली फौज इथे आली होती. आर्थर वेलस्ली दक्षिणेला राहिला आणि स्टीव्हन्सनच्या तुकडीने अवजड तोफा दिवसेंदिवस डोंगरातून ओढत उत्तरेला आणल्या. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं आणि 15 डिसेंबरला हल्ला झाला. आतला किल्ला बाहेरच्या किल्ल्यापासून एका घळीने वेगळा आहे. ती घळ ओलांडून शिड्या लावून इंग्रज आत शिरले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, पायथ्याच्या देवगावात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तह केला आणि कटक प्रांत गेला. ओडिशाचा किनारा कुणाचा, हे या घळीच्या काठावर ठरलं.

त्या घळीच्या कडेला उभं राहून दोन्ही तट एकदम दिसतात. नकाशावर वाचलेली लढाई तिथे पायांना कळते. भिंतींवर नावं कोरलेली दिसतील, त्यात भर घालू नका. तटाचे दगड सुटत आलेत, वर चढून बसू नका.

तिसरा दिवस: सिपनेकडे उतरताना

आता खाली. चिखलदऱ्याहून सेमाडोहकडे रस्ता उतरतो तसा हवेचा स्पर्श बदलतो, झाडं उंच होत जातात आणि सागाचं राज्य सुरू होतं. कोरकू भाषेत सागाला सिपना म्हणतात. नदीचं नावच साग.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, 1973-74 चा. गाभा क्षेत्रात पायी फिरता येत नाही. सफारी हवी असेल तर वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी नोंदणी करा, ओळखपत्र बरोबर ठेवा. पावसाळ्यात गाभ्यातले रस्ते बहुतेक बंद असतात. इथे वाघ ताडोबासारखा सहज दिसत नाही, जंगल दाट आहे आणि उतार फार. वाघासाठीच येणार असाल तर मी तुम्हाला चंद्रपूरकडे पाठवीन. इथे गवा बघा, अस्वलाच्या नख्यांचे ओरखडे बघा, आणि नशीब असेल तर रानपिंगळा. हे घुबड शंभराहून अधिक वर्षं नामशेष समजलं जात होतं. 1997 मध्ये नंदुरबारकडे ते पुन्हा सापडलं आणि नंतर मेळघाटातही आढळलं.

सेमाडोहचं निसर्ग परिचय केंद्र आधी बघा, मग कोलकासला जा. तिथे सिपना मोठं वळण घेते. काठावरच्या विश्रामगृहाच्या आवारातून ते वळण संध्याकाळी बघावं. दगडांवरून पाणी सरकतं, पलीकडच्या काठावर सांबर येतात. नदीत उतरू नका, डोह खोल असतात. मुक्कामासाठी ही जागा मिळाली तर सोडू नका, मात्र नोंदणी बरीच आधी करावी लागते.

जंगलातल्या रस्त्यावर गाडी हळू चालवा, हॉर्न वाजवू नका, माकडांना खायला घालू नका. नाक्यावर गाडीची नोंद होते, तिथे घाई करू नका. जंगल कामगार आणि वनरक्षक ज्या रस्त्याला नको म्हणतील त्या रस्त्याला जाऊ नका.

कोरकूंच्या गावात

पाहुण्यांची सर्वांत जास्त चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोरकू हे नाव त्यांच्याच भाषेतलं: कोरो म्हणजे माणूस, कू हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे कोरकू म्हणजे माणसं. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही, गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातली आहे, झारखंडातल्या संताळी-मुंडारीची बहीण, आणि त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची. पाण्याला दा, वाघाला कुला. एवढे दोन शब्द येत असले तरी समोरचा माणूस हसतो आणि मग तोच चार शब्द शिकवतो.

गावात शिरताना गाडी बाहेर लावा. मधल्या मोकळ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा असतात, कुडाच्या भिंती शेणामातीने सारवलेल्या. ही वाट म्हणजे त्यांचं अंगण आहे. पहिल्यांदा गावच्या पाटलाला किंवा समोर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला रामराम करा, कुठून आलात ते सांगा. बायांना मावशी किंवा बाई म्हणा. कुणाच्या घरात डोकावू नका.

गावाच्या हद्दीत झाडाखाली दगड रचलेले दिसतील, तो मुठवा देव. त्याची पूजा भुमका, म्हणजे गावचा पुजारी, करतो. आणखी एका झाडाखाली लाकडाच्या कोरलेल्या फळ्या उभ्या असतील, त्यांवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार. हे मुंडे. घरातल्या मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी विधीपूर्वक उभे केलेले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते मला केवळ सुंदर वाटले आणि मी न विचारता फोटो काढला. एक म्हातारे बाबा शांतपणे म्हणाले, "तो माझा भाऊ आहे." मी माफी मागितली. मग त्यांनीच जवळ बसवून कोणता मुंडा कुणाचा ते सांगितलं. विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं. आधी विचारा.

मुलांना चॉकलेटं वाटू नका, त्याने भीक मागायची सवय लागते. कुपोषणाच्या बातम्या वाचून येणारे काही लोक मुलांचे फोटो काढतात, तेही करू नका. द्यायचंच असेल तर इथे काम करणाऱ्या संस्थांकडे द्या. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे अनेक दशकं रुग्णसेवा करत आले आहेत, 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. धारणीजवळ लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. बांबूच्या वस्तू तिथून विकत घ्या. आमझरी हे मधाचं गाव आहे, मध तिथून घ्या. गावातून कोदो-कुटकी ही भरडधान्यं मिळाली तर घ्या, आणि भाव पाडू नका.

होळीला आलात तर अनुभव वेगळाच. कामासाठी बाहेर गेलेली माणसं या दिवसांत काहीही करून घरी परततात. पाच दिवस सण चालतो, त्यात फगवा. रस्त्यावर बाया-पोरं दोर आडवा धरून गाडी अडवतात, गातात, नाचतात आणि फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. घाबरू नका, ही अडवणूक नव्हे. सुट्टे पैसे खिशात ठेवा, गाणं ऐका, हसून द्या आणि पुढे निघा. संध्याकाळी ढोल-बासरीवर गदली सुसून नाच रंगतो. कोणी हात धरून ओळीत ओढलं तर जा, नाहीतर कडेला उभे राहा. मोहाची दारू सणाचा भाग असते. ती देवाला वाहतात. ती पिऊन धिंगाणा घालायला येऊ नका.

वेळ उरला तर

बैतूलच्या रस्त्यावर बहिरम आहे. डिसेंबरच्या शेवटी जत्रा सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. गोवऱ्यांच्या आगीत भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी आणि मातीच्या हंडीतलं मटण. थंडीत उघड्यावर शेकोटीशेजारी बसून जेवणं हा वऱ्हाडातला खरा सोहळा. मुक्तागिरीही जवळच, पण तेवढ्यात मध्य प्रदेशाची हद्द लागते. दरीच्या दोन्ही अंगांना 52 जैन मंदिरं आणि मधून पडणारा धबधबा, त्यामुळे पावसाळ्यात गेलात तर बरं. पायऱ्या बऱ्याच आहेत, वडीलधारी माणसं बरोबर असतील तर सकाळचीच वेळ धरा.

परतताना

येताना घटांगचा रस्ता धरा. दुपारी तीनच्या आत निघा, म्हणजे परतवाड्यात उजेडी पोचाल. खवा घेतला असेल तर तो डब्यात घालून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. गाडीतला कचरा, विशेषतः पाण्याच्या बाटल्या, परतवाड्यापर्यंत घेऊन या. घाटातल्या वळणावर फेकलेली बाटली पहिल्या पावसात घळीत जाते, घळीतून सापनेत, सापनेतून पूर्णेत. वाटेत थांबायचंच झालं तर शेवटचं वळण उतरल्यावर थांबा आणि मागे बघा. तीन दिवसांपूर्वीची निळी भिंत आता तुम्हाला ओळखीची दिसेल: कडा कोणता, किल्ला कोणता, आणि त्यामागे सिपना कुठे वाहते ते.